सोयीचे आईबाप : मिल लॅक्सच्या मस्कीचं प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा, मिनेसोटातलं मिल लॅक्स तळं, सकाळचे अकरा. पहाटे पाचपासून आम्ही दोघं आमिष फेकत होतो आणि एकही मासा दिसला नव्हता. मस्की या मोठ्या शिकारी माशाला इकडे ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात ते उगाच नाही. आमिष बोटीशी परत आलं की ते लगेच बाहेर काढायचं नसतं. रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, कारण मस्की पुष्कळदा बोटीपर्यंत मागे मागे येते आणि शेवटच्या वळणावर झडप घालते. ही तशीच आली. मोठ्या जाळीत, पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ सोडवला, मग मोजली. लांबी ४४ इंच. पोटाभोवती शिवणकामाची टेप गुंडाळली, तर घेर १७ इंच.

त्या लांबीला हा घेर कमीच. डोकं भलं मोठं, जबडा लांबलचक आणि कल्ल्यांच्या मागे अंग एकदम उतरत गेलेलं. पोट हाताला रिकाम्या पिशवीसारखं लागत होतं. बोटीतले माझे शेजारी पन्नासेक वर्षं या राज्यात गळ टाकत आलेत. ते म्हणाले, “ही तळ्याची नव्हे, हॅचरीची. टाकीत वाढलेला मासा असाच लुकडा राहणार.”

हे वाक्य मी त्याआधीही बोटीच्या धक्क्यांवर, आमिषाच्या दुकानांत कितीदा तरी ऐकलं होतं. मासा बारीक निघाला की हॅचरीचा, जाडजूड निघाला की अस्सल जंगली. पण मिल लॅक्सवर बसून असं म्हणणं मला पटेना. या तळ्यातली मस्कीची वस्ती उभी राहिली आणि टिकली तीच मुळी हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, आणून सोडलेल्या बोटुकल्यांवर, म्हणजे लहान पिल्लांवर. म्हणजे इथली लुकडीही तिथलीच आणि धष्टपुष्टही तिथलीच. मग फरक पडतो कुठे?

आधी विक्रमाची गोष्ट

मिल लॅक्स हे सुमारे १,३२,००० एकरांचं तळं. एवढं पसरलेलं असूनही सर्वांत खोल जागा ४२ फुटांच्या आसपास, म्हणजे एक भलीमोठी उथळ परातच. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, तळं गोठायच्या बेतात असताना, नोलन स्प्रेंगेलर या तरुणाने इथे एक मादी पकडली. लांबी ५७.७५ इंच, घेर २९ इंच, वजन ५५ पौंड १४.८ औंस, म्हणजे सव्वापंचवीस किलोंहून जास्त. मिनेसोटाचा आधीचा विक्रम १९५७ सालचा, विनिबिगोशिश तळ्यातला, ५४ पौंडांचा. तो मोडायला ६४ वर्षं लागली.

विनिबिगोशिश हे मिसिसिपीच्या उगमाकडचं तळं, मस्की तिथली मूळची रहिवासी. तिथल्या मस्कीचा विक्रम मोडला तो बोटुकल्या सोडून वसवलेल्या तळ्यातल्या मादीने. हॅचरीचा मासा जात्याच कमकुवत असतो म्हणणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे व्हावं.

आकड्यांवरून थोडं विषयांतर करतो. वजनकाटा नसेल तर इकडे एक जुना हिशोब चालतो. इंचांतली लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, की उत्तर पौंडांत. स्प्रेंगेलरच्या मादीला तो लावला तर ६०.७ पौंड येतात, आणि काट्यावर भरले ५६ला थोडे कमी. म्हणजे जवळजवळ पाच पौंडांची तफावत. गळकऱ्यांच्या गप्पांतले साठ पौंडी मासे पुष्कळदा या भागाकारातून जन्मतात, म्हणून कागदावरच्या वजनांवर मी विश्वास ठेवत नाही. माझ्या जूनच्या मादीचं वजन याच हिशोबाने सोळा पौंडांच्या आत येतं. हिशोब जास्तीच सांगत असेल तर ती त्याहूनही हलकी होती.

शूपॅक : लहानखुऱ्या माशांचं तळं

आता मूळ प्रकरणाकडे येतो. मस्कीची बोटुकली वाढवायची तर आधी अंडी हवीत, आणि अंड्यांसाठी विणीच्या दिवसांत जंगली नर-मादी हाती लागायला हवेत. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला (इकडे सगळे डीएनआर म्हणतात) १९५० च्या दशकात असे मासे सहज मिळत होते ते शूपॅक नावाच्या तळ्यात. कॅनडाच्या सीमेलगतचं हे छोटं तळं आज व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तळं लहान, मस्की दाटीने, विणीला कुठे जमतात तेही ठाऊक. जाळी लावायची, माद्या पिळून अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, की काम झालं. पुढची तीसेक वर्षं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, मिनेसोटातल्या कितीतरी तळ्यांत शूपॅकच्या वाणाची पिल्लं सोडली गेली.

शूपॅकचे मासे लहानखुरे होते, हे लपून राहिलेलं नव्हतं. पण त्यामागचा तर्क वरवर अगदी रास्त वाटतो: तळं छोटं, खाणं बेताचं, गर्दी फार, म्हणून मासे खुरटलेले. त्यांना मोठ्या, सकस तळ्यात नेऊन सोडा, वाढतील की! आपल्याकडेही कुंडीतलं झाड बघून आपण असंच म्हणतो, जमिनीत लावलं की फोफावेल.

ते फोफावले नाहीत. मोठ्या तळ्यांत, भरपूर खाणं समोर असूनही शूपॅकची मस्की लहानच राहिली. पुढे डीएनआरच्या अभ्यासकांनी चार वाणांची पिल्लं दोन तळ्यांत एकत्र सोडून वर्षानुवर्षं मोजली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच पाणी, तेच खाणं, तरी शूपॅकचा वाण मागे पडला आणि लीच लेक या मोठ्या तळ्याच्या वाणाने मोठा आकार गाठला. म्हणजे दोष निव्वळ कुंडीचा नव्हता, बियाण्यातच होता. याला दोष म्हणणंही तसं चूकच. शूपॅकच्या माशांनी आपल्या इवल्या तळ्यात जगायला जे शरीर कमावलं ते तिथे अगदी योग्य होतं. चुकलं ते त्यांना दुसरीकडे नेणाऱ्यांचं.

तीस वर्षं म्हणजे मस्कीच्या काही पिढ्या. त्या काळात कितीतरी गळकऱ्यांच्या मनात पक्कं बसलं की हॅचरीची मस्की वाढतच नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. कारण मात्र टाकीवर ढकललं गेलं, आईबापांकडे कुणी पाहिलं नाही. माझ्या शेजाऱ्यांचं तरुणपण याच काळातलं. ते असं का म्हणतात ते मला आता कळतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज चढत नाही.

लीच लेकच्या माद्या जातात कुठे?

मग आधीच लीच लेकचा वाण का नाही घेतला? तिथे मोठ्या मस्की आहेत हे तर सगळ्यांना माहीत होतं. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या तळ्यात मस्की गळाला अशा पटापट लागल्या होत्या की त्या दिवसांच्या आठवणी लोक अजून काढतात. अडचण एकच, विणीच्या दिवसांत त्या माद्या सापडायच्या नाहीत. मस्की उथळ, दलदलीच्या खाडीत अंडी घालते असा सर्वत्र अनुभव. बाकी तळ्यांत तशा जागी जाळी लावली की मासे मिळत. लीच लेक लाखभर एकरांचं. तिथल्या खाड्यांत जाळी लावून माणसं थकली, जाळ्यात यायचे ते नॉर्दर्न पाइक, मस्कीचे चुलतभाऊ.

हा गुंता सुटला रेडिओमुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांनी लीच लेकच्या मोठ्या मस्कींच्या अंगात छोटे ट्रान्समीटर बसवले आणि वसंतात बोटीतून अँटेना फिरवत त्यांचा माग काढला. माद्या खाडीत शिरतच नव्हत्या. त्या किनाऱ्यापासून दूर, मीटर-दोन मीटर खोल उघड्या पाण्यात, कारा नावाच्या शेवाळाच्या गालिच्यावर अंडी टाकत होत्या. हे कारा मी हातात घेऊन पाहिलंय. दिसायला पाणवनस्पतीसारखं, पण चुन्याच्या पुटामुळे खरखरीत. चुरगाळलं की कुजक्या लसणासारखा उग्र वास येतो आणि तो दिवसभर बोटांना राहतो. असल्या जागी या तळ्याची राणी बाळंत होत असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ती तिथे का जाते यावर अभ्यासकांचा कयास आहे, आणि तो मला पटतो. पाइक वसंतात लवकर आणि उथळ दलदलीत वितो. त्याची पिल्लं आधी जन्मून मोठी होतात आणि मागून आलेली मस्कीची पिल्लं गट्ट करतात. शतकानुशतकं पाइकच्या शेजारी राहिलेल्या लीच लेकच्या मस्कीने पाळणाघरच वेगळं केलं.

एकदा जागा कळल्यावर अंडी मिळू लागली. १९८२ च्या सुमारास डीएनआरने शूपॅकचा वाण सोडून लीच लेकचा धरला. मिल लॅक्स, व्हर्मिलियन, मिनेटोंका या तळ्यांवर आज जगभरातून लोक मोठ्या मस्कीसाठी येतात, ते या निर्णयाचं फळ. मस्कीचं फळ सावकाश पिकतं. मादी ५० इंचांच्या घरात जायला साधारण पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे निर्णय बरोबर होता की नाही ते कळायलाही तेवढीच वर्षं लागली. मध्येच कुणी धीर सोडून पुन्हा सोयीच्या तळ्याकडे वळला असता तर? या प्रकरणात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही वाट पाहण्याची तयारी.

शूपॅकचं रक्त सगळीकडून गेलं असंही नाही. जनुकांच्या तपासणीत काही तळ्यांत त्याचा अंश अजून सापडतो. एकदा सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.

मग टाकीचा काहीच वाटा नाही का?

आहे. शेजाऱ्यांचं म्हणणं सगळंच खोडून काढलं तर तेही खोटंच होईल.

एप्रिल-मेमध्ये काढलेली अंडी काचेच्या उभ्या बरण्यांत, खालून सतत वर येणाऱ्या पाण्यावर हलती ठेवतात. दोनेक आठवड्यांत जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली इवली पिल्लं, बाहेर येतात. पहिले काही दिवस ते पोटातल्या बलकावर जगतात, मग पाण्यातले सूक्ष्म जीव, मग इतर माशांची इवली पिल्लं, आणि बोटभर झाले की मिनो नावाचे छोटे जिवंत मासे. इथे दिरंगाई चालत नाही. खाणं कमी पडलं की भावंडं एकमेकांना गिळतात, आणि आपल्याएवढ्या भावंडाला गिळताना दोघंही मरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत १० ते १२ इंचांची बोटुकली तयार होतात आणि तळ्यात जातात.

आता यात काटकसर कुठे करता येते? खाण्यात. जिवंत मिनो महाग पडतात, कोरड्या खाद्याच्या गोळ्या स्वस्त. गोळ्यांवर वाढवलेली मस्की वजनाने चांगली भरते, दिसायलाही वाईट नसते. पण इलिनॉयमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं की तळ्यात सोडल्यावर मिनोंवर वाढलेली पिल्लं जास्त तगतात. गोळी पळत नाही. तिच्यावर दबा धरावा लागत नाही, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं आखडून बाण सुटावा तशी उसळी मारावी लागत नाही. पहिले सहा महिने हे न शिकलेलं पिल्लू तळ्यात उतरतं तेव्हा त्याला शिकार येत नसते, आणि लार्जमाउथ बास नावाचे शिकारी मासे त्याचीच शिकार करतात. सोडताना पिल्लू जितकं मोठं, तितकं त्यांच्या घशात मावणं कठीण. म्हणून फूटभर होईपर्यंत सांभाळण्याचा खर्च वाया जात नाही.

दाटीच्या सिमेंटच्या टाकीची खूण परांवर राहते. कडा झिजलेल्या, परांची टोकं बोथट, कधी मधले काटे वाकडे जुळलेले. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या तळ्याच्या धक्क्यावर मासे सोडायला हात हवे होते म्हणून मी गेलो होतो. मातीच्या तलावात मिनोंवर वाढलेली ती पिल्लं होती. बादलीतलं एक ओल्या तळव्यावर घेतलं. तळव्यात मावेना, शेपूट मनगटाच्या पुढे गेलेली. अंगावर हिरवट सोनेरी झाक, शेपटीचं टोक टोकदार, परांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या नीट. डोळा मात्र आत्ताच मोठ्या मस्कीचा, रोखून बघणारा. ते पिल्लू लुकडं नव्हतं.

तर टाकीचा वाटा असा: ती पिल्लू मारू शकते, अडाणी ठेवू शकते. पण तळ्यात दहा वर्षं काढलेली ४४ इंची मादी लुकडी असेल तर तिच्या पहिल्या सहा महिन्यांना आता किती धरायचं? या मुद्द्यावर मी शेजाऱ्यांना ठामपणे नाही म्हणतो. दहा वर्षांचा मासा बारीक दिसला तर त्याचं कारण त्याच्या आत्ताच्या पोटात शोधावं.

पोट, ऋतू आणि शेजारपाजार

माझी मादी जूनमध्ये मिळाली होती. वसंतात अंडी टाकून महिना-दीड महिनाच झालेला, पोट रितं. तीच मादी नोव्हेंबरात पकडली असती तर अंगात शरदातली चरबी आणि पुढच्या वसंतासाठी भरत आलेली अंडाशयं असती, घेर कितीतरी वाढला असता. स्प्रेंगेलरचा मासा नोव्हेंबरचा हा योगायोग नाही. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, मिल लॅक्समधूनच ५८.२५ इंचांची मस्की पकडून सोडल्याची नोंद झाली. लांबीने ती विक्रमी मादीपेक्षाही मोठी. म्हणून अंगलट बघताना महिना विचारल्याशिवाय मत देऊ नये. अभ्यासक यासाठी सापेक्ष वजनाचं माप वापरतात. त्या लांबीच्या सुदृढ माशाचं वजन १०० धरायचं आणि हातातला मासा किती भरतो ते बघायचं. तेही एकाच ऋतूतले मासे शेजारी ठेवून वाचावं.

दुसरं, खाणं. मिल लॅक्सच्या मस्कीचा मोठा आधार म्हणजे टुलिबी, थंड पाण्यातला चंदेरी, तेलकट मासा. त्याच्या एका घासात पर्च या लहान माशाच्या कित्येक घासांचं बळ. टुलिबीला खाली गार आणि प्राणवायू असलेलं पाणी लागतं. मिल लॅक्स उथळ, आणि टुलिबीच्या प्रदेशाच्या दक्षिण कडेजवळचं. कडक, वारा पडलेल्या उन्हाळ्यात त्याला लपायला गार पाणी उरत नाही. उन्हाळे तापत चाललेत, तशी इथली टुलिबी घटली आहे. माझ्या मादीच्या रिकाम्या पोटाचं खरं उत्तर इथे असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि या तळ्याची मला काळजी वाटते तीही याचमुळे. उत्तम वाणाची, मिनोंवर वाढवलेली कितीही बोटुकली सोडली तरी टुलिबी काही बादलीतून आणता येत नाही.

तिसरं म्हणजे विरळ वस्ती. मस्की मोठी व्हायची तर तिला जागा हवी. गळकरी नेहमी म्हणतात, जास्त सोडा. जास्त सोडली की जास्त दिसतील, पण ताटात वाटेकरीही वाढतील. मासे कमी आणि मोठे, की पुष्कळ आणि मध्यम, याचा निवाडा आधी करायला लागतो. २०१५ पासून मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांखालची मस्की ठेवता येत नाही, सोडावीच लागते. त्यामुळे मासा मोठा होतो तो निदान कायद्याच्या नजरेखाली.

सोडलेला मासा जगेलच असं मात्र कायदा सांगू शकत नाही. स्प्रेंगेलरनेही ती मादी सोडायचीच ठरवली होती. तासाभराहून जास्त वेळ त्याने आणि त्याच्या मित्रांनी तिला पाण्यात धरून पुन्हा पोहती करायचा प्रयत्न केला. ती पोहून गेली नाही, तेव्हा नाइलाजाने ठेवली, आणि म्हणूनच तिचं काट्यावरचं वजन आपल्याला माहीत आहे. वाचताना त्या विक्रमापेक्षा तो तासच माझ्या मनाला जास्त लागला.

लोणावळ्यापासून कावेरीपर्यंत

हे सगळं वाचताना मला राहून राहून आपल्या नद्यांतला मोठा मासा, महासीर, आठवत होता. निळ्या परांच्या महासीराचं शास्त्रीय वर्णन साइक्स या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याला वळवण धरणाशी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचं कृत्रिम प्रजनन होतं. तंत्र उत्तम बसलं आणि भारतभर बोटुकली गेली. त्यातली कावेरीतही गेली. कावेरीत मूळचा होता तो वेगळाच, पाठीवर कुबड असलेला महासीर. १९४६ मध्ये त्याच खोऱ्यातल्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महासीर पकडला होता. गळकऱ्यांच्या जुन्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि कुबड्याचे आकडे खाली आले. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदही झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी हेही त्याच्या मुळावर आलंच. पण सहज मिळणारं बियाणं दूरच्या पाण्यात नेणं हा धागा शूपॅकचाच. फरक एवढाच की तिथे वाण बदलला आणि इथे जातच.

लोणावळ्याच्या लोकांनी काम मन लावून केलं, शूपॅकवर जाळी लावणाऱ्यांनीही. बियाणं कुठल्या पाण्याचं आणि कुठल्या पाण्यासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे उशिरा विचारला गेला.

आज मिनेसोटात अंडी काढण्यासाठी लीच लेकच्या वाणाची खास तळी राखलेली आहेत. त्यांतलं रक्त फार जवळचं होऊ नये म्हणून अधूनमधून लीच लेकमधूनच नवं आणून घालतात. त्यासाठी वसंतात कुणीतरी पुन्हा त्या उघड्या पाण्यावर, काराच्या गालिच्यावर जाळी लावतं. खाडीत लावण्यापेक्षा ते कितीतरी कष्टाचं काम आहे.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांना हे सगळं सांगितलं. शूपॅकचं नाव ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सत्तरच्या दशकात त्यांच्या गावच्या तळ्यावर दरवर्षी पिल्लं यायची, आणि तीस इंचांच्या पुढची मस्की त्यांच्या वडिलांना कधी मिळालीच नाही. नोव्हेंबरात पुन्हा मिल लॅक्सवर जायचं ठरलंय. टेप मी घेतोय, काटा ते आणणार आहेत.